नाथाजींचे पस्तीस किलो

निवृत्त हवालदार नाथाजींनी भिंतीकडे पाठ केली, की शालूबाई भाकरी थापता थापता उठायच्या आणि पिठाच्या हाताने मशीनचं बटण गुपचूप मागे फिरवायच्या. नवऱ्याने लावलेलं असायचं वीस. त्या आणायच्या पाचावर.

व्यायामाचं हे मशीन लेकाने, शिवतेजने, सुट्टीवर आला तेव्हा भिंतीवर बसवलं होतं. आत मोटर, बाहेर दोरी आणि मूठ. बटणावर जेवढे किलो लावाल, तेवढी मोटर दोरी खाली ओढून धरायची. नाथाजींचा उजवा खांदा ऑपरेशननंतर आखडला होता, हात छातीच्या वर जाईना. आणि सगळ्या भावकीत फेटा बांधावा तर त्यांनीच. दीड महिन्यावर लेकीचं, शिवांजलीचं लग्न, अन् व्याह्यांचा फेटा दुसऱ्या कुणी बांधायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं!

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाच किलोपासून सुरुवात, आठवड्याला एक किलो वाढवा, घाई केलीत तर खांदा पुन्हा जाईल.

"पाच किलो? अगं, पलटणीत आमी पाणी प्यायला एवढं उचलायचो," नाथाजी म्हणाले आणि वीसवर गेले. सोपं वाटलं म्हणून पंचवीसवर. तिसऱ्या आठवड्यात पस्तीस झाले. शालूबाई मात्र डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने सातावर होत्या.

पाराजवळ पस्तिसाचा बोभाटा झाला, तसा तालमीतला कृष्णात सकाळीच येऊन धडकला. शालूबाई आत चुलीपाशी. कृष्णातने एका हाताने मूठ ओढली. त्याचा चेहरा लाल झाला, दोरी कमरेपर्यंतच आली.

"आबा, लय जड हाय! तुमी ह्ये रोज वढता?"

"सर बाजूला गड्या. बघ."

शालूबाईंनी दारातून पाहिलं, बटण पस्तिसावरच होतं. बटणाला हात लावावा तर नवऱ्याची अब्रू जाते, न लावावा तर खांदा जातो. नाथाजींनी "जय भवानी" म्हणून जोर केला आणि त्याच क्षणी शालूबाईंनी दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढला. मोटर गप्प झाली. दोरी सैल पडली आणि हात जो सुटला तो थेट डोक्याच्या वर.

"पस्तीस किलो! फुलागत उचललं!" कृष्णातने पायच धरले आणि गावाला सांगायला तो पळत सुटला.

नाथाजी हात वर धरूनच उभे होते. मग त्यांना मेन स्विचवर ओलं पीठ दिसलं. बटणावरही दिसलं, वाळलेलं, कितीतरी दिवसांचं.

"शालू, रोज किती असायचं गं?"

"पाच. ह्या आठवड्यात सात." त्यांनी मान खाली घातली. "आत्ता काय बी न्हवतं. तुमी रागवू नगा."

"रागवू? आगं, हात वर गेला की माझा!" नाथाजींचे डोळे भरून आले. "तू नसतीस तर मी खांदा घालवूनच बसलो असतो. लय उपकार झालं तुझं."

लग्नाच्या दिवशी व्याही पाटावर येऊन बसले. नाथाजी त्यांना म्हणाले, "पावणं, जरा थांबा. पयला मान दुसऱ्याचा हाय." आणि भर मांडवात त्यांनी शालूबाईंना पुढे बोलावलं.

"आवं, लोक हसतील!"

"हसू देत."

दोन्ही हात वर करून त्यांनी गुलाबी फेट्याचे पेच चढवले, शेवटचा पेच आवळला आणि विचारलं, "घट्ट झाला का?"

शालूबाईंचे दोन्ही कान फेट्याखाली दुमडले होते.

"न्हाई," त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर हाय."