मागच्या माकडाचे दादा

खोईने लिएनला पहिल्यांदा पाहिलं ते हॉस्टेलच्या खानावळीत, भाताच्या रांगेत. तिथेच, हातात रिकामं ताट धरून, त्याने ठरवून टाकलं की आभाळ कोसळलं तरी या मुलीने आपल्याला 'धाकट्या' म्हणता कामा नये.

त्याला कारण होतं. आम्हा व्हिएतनामी लोकांत 'मी' आणि 'तू' असलं सुटसुटीत काही मिळत नाही. समोरचा मोठा की धाकटा हे कळल्याशिवाय तोंड उघडायची सोय नाही. मोठा असला तर तो दादा, ती ताई आणि आपण आपोआप धाकटे. एकदा शिक्का बसला की जन्माचा. पुढे माणूस मंत्री झाला तरी शेजारची ताई त्याला भरसभेत 'ए धाकट्या' अशीच हाक मारणार. आणि गंमत म्हणजे मुलगी ज्याच्यावर जीव टाकते, त्यालाही ती 'दादा'च म्हणते. (हसू नका. तुमच्याकडे मुलीने दादा म्हटलं की पोराचा खेळ आटोपतो, हे ऐकून आहोत. आमच्याकडे तो तिथून सुरू होतो.) उलट, ज्याला 'धाकट्या' म्हटलं त्याच्यावर कोणी जीव टाकल्याचं खोईच्या तरी ऐकिवात नव्हतं.

खोई अठरा वर्षांचा, किनाऱ्यावरच्या एका गावातून सायगॉनबाहेरच्या या विद्यापीठात नुकताच आलेला. ओठावर मिसरूड होतं, पण ते बघायला उजेड चांगला लागायचा. लिएन दुसऱ्या वर्षाला. नव्या मुलांना वाट दाखवणाऱ्या स्वयंसेवकांचा हिरवा शर्ट घालून ती रांगेतल्या प्रत्येकाची चौकशी करत होती, आणि ज्याला त्याला धाकटा करत पुढे सरकत होती.

"नवीन ना तू? काय म्हणू, धाकटा की—"

"दादा," खोई म्हणाला. "मी दादा लागतो तुमचा."

"अगं बाई!" लिएन सावरून उभी राहिली. "पहिल्या वर्षाला आणि दादा? कुठल्या सालचे तुम्ही?"

आता इथे साल म्हणजे आकडा नव्हे, जनावर. बारा जनावरांची बारा वर्षं, एकामागून एक येतात आणि पुन्हा पहिल्यापासून फिरतात. लिएनपेक्षा एका वर्षाने मोठं व्हायचं तर खोईने 'घोडा' म्हणायला हवं होतं. पण अठरा वर्षं ज्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं, त्याला जीभ दुसरं उत्तर देईना.

"माकडाच्या," तो म्हणाला.

लिएनने बोटं मोजली. "मी बकरीच्या सालची. बकरीनंतर माकड. म्हणजे धाकटाच की रे तू!"

मागे उभी असलेली पोरं खिदळली. शिक्का कपाळावर टेकतोच आहे असं दिसताच खोईच्या तोंडून निघून गेलं, "या नव्हे. मागच्या माकडाच्या."

भात वाढणाऱ्या बाईंचा डाव हवेत थांबला.

"म्हणजे तीस?" लिएनने हळूच विचारलं.

"झाली आता," खोई म्हणाला. (दोन वर्षांची थाप मारायला निघालेला माणूस बारा वर्षं पुढे जाऊन पडला होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय!)

"पण चेहरा केवढा कोवळा!"

"मासळी. आमच्याकडे मासळी फार खातात."

"माफ करा हं दादा, मी आपलं अरे-तुरे केलं," असं म्हणून लिएनने त्याला रांगेत सगळ्यांच्या पुढे घातलं. तो 'दादा' खोईच्या कानात मधासारखा उतरला. त्या दिवशी त्याने भात कशाबरोबर खाल्ला हे त्याला आजही सांगता येणार नाही.

तो खोलीवर पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. खोलीत सहाजण, बाकीचे पाचही या माकडाचे. त्यातला तान हा आडदांड गडी दारातच उभा होता.

"दादा, तुमची वळकटी खालच्या कॉटवर टाकलीय. पंख्याखाली. वर चढायचं नाही."

"पण मला वरची चालते."

"नको. तिशीनंतर कंबर सांभाळावी. माझे काका असेच शिडीवरून पडले."

हाओ नावाचा दुसरा, चष्मेवाला आणि चौकस. "दादा, इतकी वर्षं काय केलंत?"

खोईने आधी स्वतःला फौजेत घातलं. तरी वर्षं उरली, म्हणून मासेमारीच्या बोटीवर चढवलं. (हा मुलगा नदीवरच्या होडीतही डोळे मिटून बसतो.) वादळ आलं, डोलकाठी मोडली, खोईने एका हाताने सुकाणू धरलं. दुसऱ्या हाताने काय धरलं होतं असं हाओने विचारलं, तेव्हा खोईला झोप आली.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. जेवताना सगळे काड्या हातात धरून "दादा, जेवा" म्हणायचे आणि दादांनी पहिला घास घेईपर्यंत कोणी ताटाला हात लावायचं नाही. कोंबडीची तंगडी न मागता पानात यायची. पण मोठेपणा हे उधारीचं जेवण आहे. झुरळ निघालं की दादा, नळ गेला की दादा, हॉस्टेलच्या साहेबांपुढे जाऊन बोलायला दादा. तानचं प्रेम मोडलं तेव्हा तो दादांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला आणि म्हणाला, "तुम्ही किती वेळा मोडलेलं पाहिलंय, दादा, सांगा ना, दुखणं किती दिवस राहतं?" खोईला आजवर एकाच मुलीने नकार दिला होता, तोही बालवाडीत. त्याने "पावसाळाभर" असं सांगून टाकलं, आणि तान बिचारा आभाळाकडे बघत दिवस काढू लागला.

सगळ्यात जिव्हारी लागला तो फुटबॉल. खोईचा फुटबॉलवर जीव. गावात त्याच्यासारखा धावणारा पोरगा नव्हता. पण तो मैदानात उतरला तसे दोन्ही संघ धावत आले.

"दादा, तुम्ही? या वयात?"

"मला येतं रे खेळता!"

"यायचंच हो, पूर्वी खेळला असाल. पण आता घोटा मुरगळला तर हाडं लवकर जुळत नाहीत." आणि त्याच्या हातात शिट्टी देऊन, सावलीत खुर्ची टाकून त्याला बसवलं. समोर चेंडू उड्या मारत होता आणि खोई शिट्टी फुंकत होता.

हे सगळं तो गिळत होता ते लिएनसाठी. ती रोज भेटायची, रोज दादा म्हणायची. मात्र त्या 'दादा'ला जो सूर लागायला हवा तो काही लागेना. कोणता विषय घेऊ, दादा? मैत्रिणीशी भांडण झालंय, काय करू, दादा? आणि विद्यापीठाच्या बसमध्ये ती त्याला बघताच उठून उभी राहायची आणि म्हणायची, "बसा ना दादा, दमला असाल." खोई बसायचा. जिच्या शेजारी बसायचं स्वप्न, ती दांडीला लोंबकळत उभी, आणि हा बसलेला!

मग एके दिवशी ती म्हणाली, "दादा, रविवारी सकाळी मोकळे आहात?"

खोई घाईने म्हणाला, "आहे. अगदी मोकळा आहे."

"मग कॉफीच्या टपरीवर या. इस्त्रीचा शर्ट घाला हं. मला तुमच्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय."

रविवारी खोईने तानचा इस्त्रीचा शर्ट घातला (त्यात अजून एक खोई मावला असता), केसांना पाणी लावलं आणि टपरी गाठली. काजूच्या झाडांखाली झोपाळे बांधलेले, पत्र्याच्या चाळणीतून कॉफी थेंब थेंब गळतेय, आणि लिएन आलेली. तिच्या शेजारी एक बाई. नीटनेटकी, केस घट्ट बांधलेले, नजर गणिताच्या पेपरावरून फिरावी तशी फिरणारी.

"ही माझी थोआ मावशी," लिएन उत्साहाने म्हणाली. "मी-थो गावात शाळेत गणित शिकवते. हीसुद्धा मागच्या माकडाची! दोघं एकाच सालचे आणि दोघांचीही लग्नं व्हायची. मी म्हटलं, एकदा भेटा तरी."

खोईच्या हातात नुकताच आलेला कॉफीचा पेला अर्धा सांडला.

"आणि दादा," लिएन टाळी वाजवून म्हणाली, "जमलंच तर मग मी तुम्हाला दादा नाही म्हणणार."

"मग?"

"काका!"

दादा व्हायला निघालेला माणूस थेट काका होऊ घातला होता. खोईने कपाळावरचा घाम तानच्या बाहीला पुसला. पळून जावं तर लिएन आयुष्यातून जाते. बसून राहावं तर मावशी येते.

थोआ मावशीने कॉफी ढवळली. "बोटीवर होता म्हणे?"

"होतो."

"छान. आपल्या वयाची माणसं हल्ली भेटतच नाहीत. जो तो आपला पोरगा नाहीतर म्हातारा." ती जरा सैलावली. "मला तर परवाचंच वाटतं. हेल्मेटची सक्ती आली तेव्हा तुम्ही कितवीत होतात हो?"

खोईला हा प्रश्नच कळला नाही. "हेल्मेट? ते तर पहिल्यापासूनच असतं ना?"

कॉफीवाल्याने मान वर केली. तोही तिशीतला, खराखुरा मागच्या माकडाचा. "पहिल्यापासून कसं, दादा? दहावीत होतो की आपण! पहिल्या दिवशी दुकानात हेल्मेटं संपली, तर माझे बाबा डोक्यावर भाताचं पातेलं घालून बाजारात गेले होते."

"आमच्याकडे शेजारच्या आजी कलिंगडाची साल घालून," थोआ मावशी म्हणाली, आणि दोघं खळखळून हसली. मग तिने चष्मा नाकावर खाली घेतला आणि खोईकडे पाहिलं. बारावीच्या वर्गात कॉपी कुठे चालली आहे हे ती याच नजरेने हुडकत असणार.

"खरं सांग. कुठल्या माकडाचा तू?"

'तुम्ही'चा 'तू' झाला होता. खोईचं अवसान गळालं.

"या माकडाचा, मॅडम," तो म्हणाला. "अठराचा आहे मी. बोट मी बाहेरूनच पाहिली आहे."

लिएन ताडकन उठली. "अठरा? म्हणजे माझ्याहून लहान? आणि मी बसमध्ये रोज तुझ्यासाठी उभी राहत होते! वर तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते! कशासाठी केलंस रे हे?"

खोईने खूप थापा मारल्या होत्या. आता एकही उरली नव्हती. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही मला दादा म्हणावं म्हणून. मला तुम्ही रांगेत दिसलात तेव्हापासून फार आवडता. धाकट्या म्हणाला असतात तर सगळं तिथेच संपलं असतं."

लिएनचे कान लाल झाले आणि ते रागाने झाले की कशाने, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"गाढव आहेस," थोआ मावशी शांतपणे म्हणाली. "हिची आई हिच्या बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. लग्नाआधी त्यांना धाकट्याच म्हणायची, मी लहानपणी या कानांनी ऐकलंय. मग एक दिवस आवडले, तसं 'दादा' म्हणायला लागली. आजही दादा, दादा करत त्यांना बाजारात पिटाळते. आवडला तर दादाच म्हणतात रे. वय कोण मोजतं?"

खालची कॉट, शिट्टी, डोलकाठी, तानचा पावसाळा... सगळं फुकट! न मागता मिळण्याजोगी गोष्ट त्याने बारा वर्षं देऊन विकत घ्यायचा घाट घातला होता. त्याने भीत भीत लिएनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "आवडला 'तर', असं म्हणाली मावशी. ते 'तर' नीट ऐक."

"ऐकलं, ताई."

ताई म्हणताना त्याचा जीव खाली-वर झाला, पण आश्चर्य म्हणजे छातीवरचं ओझंही उतरलं. आता फुटबॉल तरी खेळता येणार होता.

"आणि इथे उभा राहू नकोस," लिएन म्हणाली. "जा, तुझी कॉफी सांडलीय, दुसरी घेऊन ये."

खोई टपरीच्या फळीपाशी गेला. तोच मागून लिएनची हाक आली. आवाज मऊ, जरा हसरा, ज्या सुराची त्याने इतके दिवस वाट पाहिली होती अगदी तस्सा.

"दादा!"

खोई गर्रकन वळला. शर्टाच्या बाहीत अडकून तीन पेले खाली आले, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. "काय? काय म्हणालात? पुन्हा म्हणा!"

"तुला नाही रे, धाकट्या," लिएन म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरून कॉफीवाल्याला सांगितलं, "दादा, त्याच्या कॉफीत दूध जरा जास्त घाला. लहान आहे अजून."