आईसाहेबांची विजेची गाडी हिरवळीकाठी अडली, त्याची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास नमन. जी शक्ती वाहन चालविते तीस एक नमस्कार आणि जी वाहन अडविते तीस दोन, कारण पहिली प्रसन्न असली तरी दुसरी रुसल्यास काहीएक चालत नाही, हे शहाण्यास सांगणे नलगे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी एका राज्यात वर्तमान जाहले, ते येणेप्रमाणे.

राज्य थोरले नव्हे, परंतु हिरवळ थोरली. महाराजांस दांडक्याने बारीक पांढरा चेंडू लांबवर हाणून बिळात घालावयाचा षोक, सबब राज्याचा मध्यभाग सारा गवताखाली गेला, आणि त्या गवतावर गाईस चरू देत नसत व माणसास चालू देत नसत. तेथे फिरण्यास महाराजांनी विजेची चारचाकी गाडी आणविली, तीस धूर नाही, आवाज नाही, वर पांढरे छत. गाडी महाराज स्वहस्ते हाकीत, आणि धुणेपुसणे, वीज भरणे व रिकामी गाडी गाडीखान्यातून आणणे-नेणे धाकोजी भोई याजकडे. धाकोजीचे आजे-पणजे याच घराण्याची पालखी वाहात आले, आणि त्यांच्या कुळी एक नेम होता की धनी पालखीत असता भोयाने बूड टेकू नये, मग पाऊस असो, चढ असो, पायात काटा असो. पालख्या माळ्यावर गेल्या, खांद्यावरचे घट्टे गेले, परंतु नेम राहिला, आणि धाकोजी तो दागिन्याप्रमाणे जपीत असे.

हिरवळीच्या अलीकडे महाराजांच्या मातोश्री आईसाहेब राहात, पलीकडे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. दोघी एकाच मांडवातून या घरात आल्या, एकाच चुलीपाशी रडल्या, पुढे गुडघे गेले तेव्हा दोघींचे बरोबरच गेले, आणि दोन वर्षे तोंडे पाहिली नव्हती. त्या दिवशी सकाळी पलीकडून फोन आला की थोरल्यांचे दुखणे विकोपास गेले, वैद्यांनी मान हलविली, भेटावयाचे त्यांनी आजच भेटून घ्यावे. महाराज परमुलखी सामन्यास गेलेले, ओढ्यावरील पूल खचून मोटारीचा रस्ता बंद. विसाजीपंत कारभारी बोलिले की खुर्चीत बसवून चौघे उचलून नेतील. आईसाहेब बोलिल्या, "माणसांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे, पंत, आणि ती वेळ आज नाही. धाकोजी, गाडी काढ."

धाकोजीचा ऊर भरून आला. धन्यास घेऊन जाण्याचा हा त्याचा पहिलाच प्रसंग. गाडी दाराशी आणिली, आईसाहेब मागील आसनावर बसल्या, शाल सावरली, मग धाकोजीने मुजरा केला, पुढे चढून चक्र धरले, आणि कुळाचा नेम स्मरून बूड आसनापासून दोन बोटे वर धरिले व वाकून पायाची कळ दाबिली. गाडी हलेना. पुन्हा दाबिली. गाडी ढिम्म. पंत धावले, म्हणाले, "चावी फिरवलीस का? दांडी पुढे आहे का? वीज भरायची वायर तर लटकत नाही ना?" चावी फिरविली होती, दांडी पुढे होती, वायर गाडीखान्यात खुंटीस होती. मग आईसाहेबांस ओसरीवर बसविले, धाकोजी गाडीत बसला, कळ दाबिली, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी तुळशीस वळसा घालून आली. सर्वांस हायसे वाटले. आईसाहेब पुन्हा चढल्या, धाकोजी पुन्हा अदबीने उठला, आणि गाडी पुन्हा मेली.

तेव्हा धाकोजीच्या तोंडचे पाणी पळाले. कारखान्यातून कासम मिस्तरी आले, त्यांनी आसने उचलून बॅटऱ्या मोजिल्या, तारांची टोके घासली, गाडीखाली डोके घालून बराच वेळ कोणास तरी शिव्या दिल्या, आणि आसने जागी ठेवून स्वतः बसून दूरवर फेरी मारून आले. म्हणाले, "पंत, गाडी ठणठणीत आहे. आता भार घालून बघा." मग पंत मागे बसले. पंत हे धनी नव्हेत, सबब धाकोजी पुढे खुशाल बसला, आणि पंतांचे पोट मोठे असूनही गाडी वाऱ्यासारखी गेली. उतरल्यावर पंतांचा चेहरा पडला. गाडीत दोष नाही, भारात दोष नाही, मग उरले काय, हे मनात सर्वांच्या आले आणि जिभेवर कोणाच्या येईना. पंतांनी गुपचूप लिंबू बांधविले, नारळ फोडविला, चाकांवर पाणी शिंपडले. त्याने काही जाहले नाही. इतक्यात पलीकडून पुन्हा फोन आला की श्वास लागला आहे, आणि "धाकटी निघाली का" ऐसे सारखे विचारतात. धाकोजीचा जीव टांगणीस लागला. आज्याने पुराच्या पाण्यातून पालखी पार केली, आणि आपल्याने गवत पार होईना, घराण्याचे नाव बुडाले, आणि त्याहून वाईट म्हणजे पलीकडली माउली वाट पाहात जाईल व ते पाप आपल्या माथी, ऐसे वाटून त्यास घाम सुटला.

आईसाहेब बोलिल्या, "लिंबं नारळ पुरे झाले. मला कळतंय. गाडी सगळ्यांना नेते, मलाच नेत नाही. देवाच्या मनात भेट नसेल. आता एकदाच बसते. नाही हलली, तर उतरेन आणि पुन्हा जायचं नाव काढणार नाही." त्या चढल्या. धाकोजीने मनात खंडोबास, आज्यास आणि बॅटरीस हात जोडिले, नेहमीहून अधिक अदबीने, चांगले चार बोटे उठून, कळ दाबिली. काही नाही. पाठीमागे काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला, आईसाहेब उतरावयास निघाल्या. तो आवाज ऐकिला मात्र, धाकोजीचे हातपाय गळाले, मांड्या आधीच भरून आलेल्या, गुडघे लटपटले, आणि तो मटकन आसनावर बसला. पाय कळीवर तसाच होता. गाडीने उसळी घेतली. आईसाहेब "अगो बाई!" म्हणून मागे आसनावर आदळल्या, पंत बाजूस उडाले, आणि गाडी हिरवळीवर धावो लागली.

थोडे पुढे गेल्यावर धाकोजीस उमजले की आपण धन्याकडे पाठ करून ऐसपैस बसलो आहो. तो दचकून उभा राहिला. गाडी जागीच थांबली. बसला, चालली. उठला, थांबली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशाने त्यास रडू कोसळले. म्हणाला, "आईसाहेब, खोट गाडीत न्हाई, तुमच्यात तर न्हाईच न्हाई, खोट माझ्यात हाय. म्या टेकल्याबिगर ही हलत न्हाई. आन् तुमच्यापुढं म्या टेकू कसा?" आईसाहेब अशा कडाडल्या की झाडावरचे बगळे उडाले. "मेल्या, तिकडे तिचा श्वास अडकलाय आणि तू इथे बूड सांभाळतोस? बस! बस म्हणते ना! आणि उठलास तर याद राख!" धाकोजी बसला. पाठ जळत होती, कान जळत होते, परंतु बसला, आणि पलीकडल्या दारापर्यंत उठला नाही.

थोरल्यांनी डोळे उघडिले. म्हणाल्या, "किती उशीर गं?" आईसाहेब पलंगावर टेकून हात हाती घेऊन बोलिल्या, "गाडी अडली होती. मानपान आडवा आला." थोरल्या हसल्या, हसताना धाप लागली, तरी म्हणाल्या, "आपल्या घरात दुसरं काय आडवं येणार? दोन वर्षं तू म्हणालीस तिने आधी यावं, मी म्हणाले तिने." गुडघ्यांचे दुखणे खरे होते, परंतु हेही खरे होते, आणि ते आजवर कोणी बोलिले नव्हते. मग दोघी पुष्कळ वेळ चुलीच्या, सासूच्या, मेलेल्या माणसांच्या गोष्टी करीत राहिल्या, आणि दिवेलागणीस थोरल्या कैलासवासी जाहल्या, धाकटीचा हात हाती असता.

मागाहून मिस्तरींनी पाहिले तो चालकाच्या आसनाच्या गादीत दडलेली एक कळ होती, पोराटोरांनी रिकामी गाडी पळवू नये म्हणून घातलेली; वर माणूस बसेल तरच वीज वाहे. त्या रात्री परतताना आईसाहेब मागे बसल्या नाहीत. त्या पुढे, धाकोजीच्या शेजारी बसल्या, आणि धाकोजी उठला नाही.

ऐसे हे वर्तमान. गाडी निर्दोष, वीज निर्दोष, देवाचाही बोल नाही. खोळंबा जाहला तो अदबीने, आणि भेट घडली ती एका गरिबाचे गुडघे वेळेवर लटपटले म्हणून. ज्यांस कोणाकडे जावयाचे आहे त्यांनी आधी जावे, मान मागाहून पाहावा. लेखनसीमा.