जगदेवरावांनी राखलेली शांतता

गल्लीत दीड तास शांतता राखायची, एवढाच जगदेवरावांचा बेत होता. त्यात आपलीच तिरडी बांधली जाईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यांची लेक वर्षाराणी त्या दिवशी पुण्याच्या एका कंपनीत नोकरीसाठी परीक्षा देणार होती. तीही रिठदच्या घरातूनच, लॅपटॉपवर. पुण्यात बसलेले एक साहेब कॅमेऱ्यातून तिच्यावर नजर ठेवणार. ती जागेवरून उठली की परीक्षा बंद. खोलीत दुसरं माणूस दिसलं की बंद. मागून आवाज आला की आधी ताकीद, मग बंद. घराण्यातली पहिली इंजिनीअर, आणि दोन वर्षं घरी बसलेली. ही संधी गेली तर पोरगी खचणार, हे बापाला ठाऊक होतं.

"बाबा, तुमी काही करू नका, बस," ती म्हणाली होती. (काही न करणं जगदेवरावांना जन्मात जमलं नव्हतं.)

सकाळीच त्यांनी बायकोला शेतात धाडलं, कारण तिची कुजबुजही नाल्यापल्याड ऐकू जाई. कुकरची शिट्टी नको म्हणून चूल, गॅस सगळं थंड. ग्यानबा आणि आणखी चार शेजारी अंगणात सतरंजीवर बसवले, त्यांचे मोबाइल बंद करवले आणि शपथ घातली, "तोंडातून शबूद काढाचा नाही. कोनी आलं तं खुनेनं सांगा."

"खोकला आला तं?" ग्यानबानं विचारलं.

"गिळा!"

राहिली वानरं. त्यांची टोळी रोज घराच्या छपराच्या टिनांवरून धडधडत जाई. ती हुसकवायला जगदेवराव स्वतः काठी घेऊन शिडीनं वर चढले आणि टिनांवर पालथे पडून राहिले. जरा हललं की टिन वाजे, म्हणून हलायचंही नाही.

परीक्षा सुरू झाली. थोड्या वेळानं शेजारची चंपाबाई ताक घेऊन आली आणि दारातच थबकली. अंगणात पाच पुरुष माना खाली घालून गप्प. चुलीचा धूर नाही. असं घर कोणत्या दिवशी दिसतं, हे गावात कोणाला शिकवावं लागत नाही.

"काय झालं, ग्यानबाभाऊ?"

ग्यानबा गप्प.

"जगदेवभाऊ कुठी हायेत?"

ग्यानबानं सावकाश बोट वर केलं.

चंपाबाईनं पदर तोंडाला लावला. घरी जाऊन तिनं शिरपूरला जगदेवरावांच्या बहिणीला, रंगूबाईला फोन लावला. मग साऱ्या गावाला लावला.

माणसं जमू लागली. दाराला आतून कडी; लेक बापाजवळ बसली असेल म्हणून कोणी ठोठावलं नाही. कोणी पिठलं-भाकर आणली, कोणी कडबा, कोणी बांबू. जगदेवराव वरून पाहत होते. कोण गेलं असेल बरं, आणि त्याचं सामान माझ्या दारात कायले? तेवढ्यात खालून कुजबुज आली.

"जगदेव म्हंजे सोन्यासारखा मानूस."

"हाव. पन माहा फवारनीचा पंप नेला, तो काही वापस देला नाही."

'अबे, पंप तुह्याच पोरानं नेला!' असं जगदेवरावांच्या अगदी ओठावर आलं. पण खाली लेकीचा पेपर चालू. त्यांनी ओठ चावला आणि मेलेले राहिले.

"बांबू आखूड हाये," कोणीतरी म्हणालं. "हे शिडीच घ्या ना."

शिडी गेली!

तासाभरात रंगूबाईची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथूनच तिनं हंबरडा फोडला, "जगद्या रेऽऽ! आता मी भाऊबीजेले ओवाळू कोनाले रेऽऽ!"

परीक्षा! जगदेवरावांनी काठी हलवली. पण मयतीच्या घरी टिनांकडे कोण पाहतं? शेवटी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून अंगणात पोचलेल्या बहिणीच्या पुढ्यात टाकली. रंगूबाईनं टोपी ओळखली, छातीशी धरली आणि दुप्पट आवाज लावला, तो अर्धा तास काही उतरला नाही.

आता उरलं काय राखायला? जगदेवरावांनी काठावरून पाय खाली सोडले, हात सुटला, आणि टिनांचा गडगडाट करत ते खाली आले. नेमके कडबा अंथरलेल्या शिडीवर!

गल्लीत आता खरी शांतता पसरली.

"जगद्या," रंगूबाई डोळे पुसत म्हणाली, "मेला नव्हता तं सांगाचं नाही काय रे?"

तेवढ्यात दार उघडलं. वर्षाराणी बाहेर आली, रडून डोळे सुजलेले. तिरडीवर उठून बसलेला बाप पाहून तिनं धावत येऊन मिठी मारली.

"परीक्षा बंद पडली ना, बेटा?" जगदेवराव रडकुंडीला आले. "माह्याच पायी."

"नाही, बाबा. आत्याचं रडनं आयकून साहेबांनी लिहून इचारलं, काय झालं? मी लिहिलं, वडील वारले. त्यांनी वीस मिनिटं वाढवून देली. पुरा पेपर सोडवून झाला."

"आन् तू उठली नाही?"

"उठली असती तं परीक्षा बंद."

आनंदानं हसावं की आपल्यासाठी थोडं रडावं, हे जगदेवरावांना कळेना.

आठवड्यानं मुलाखतीचं बोलावणं आलं. जगदेवरावांनी सदऱ्याचं कापड घेतलं, पुण्याची दोन तिकिटं काढली.

"बाबा, तुमी नका येऊ," वर्षाराणी म्हणाली. "मामा येऊन राह्यले माह्यासंगं."

"काहून? बाप मी हावो का मामा?"

"तुमीच, बाबा. पन तिथं तं तुमी वारलेले."