चॅपलसमोरच्या फाटकाचा रंग

जूनमधल्या एका रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला दोन सायकलवाले हिल्डा अटिंगच्या फाटकापाशी थांबले. त्यांनी फाटकाकडे नीट बघितलं, पाठीवरच्या खिशातून एकेक कार्ड काढलं, त्यावर काहीतरी लिहिलं आणि चालते झाले. हिल्डा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. उकडलेल्या अंड्यात खुपसलेला चमचा तसाच उभा राहिला.

"कॉलिन!" ती ओरडली. "आले रे! परीक्षक आले!"

कॉलिन म्हणजे जावई. दर रविवारी सासूचं गवत कापायला यायचा. बोलायला कमी, खायला बरा. त्याने गवताचं यंत्र बंद केलं आणि रस्त्यावर डोकावून पाहिलं. "आई, ते सायकलवाले होते."

"दिसलं मला. चष्मा लावते ते शोभेला नाही. मागच्या वर्षी परीक्षकीण चर्चचा रस्ता विचारत आली होती, आठवतं का? सरळ तोंडाने येतात का कधी ती माणसं? यंदा चड्ड्या घालून आली!"

आता मागच्या वर्षीचं सांगायलाच हवं. इंग्लंडातल्या नॉरफकच्या त्या भागात दोन गावं, थोरलं विकलिंग आणि धाकटं विकलिंग. मध्ये चार मैल बीटाची शेतं आणि एकही टेकडी नाही. जमीन थोडी वर येते, लगेच लाजून खाली बसते. एखादा डोंगर मध्ये असता तर निदान एकमेकांची तोंडं दिसली नसती. पण इथं या चर्चच्या मनोऱ्यावरून त्या गावात कुणाचे पडदे वाळताहेत तेसुद्धा दिसतं. दरवर्षी उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या सगळ्यात नीटनेटक्या गावाला ढाल मिळते. परीक्षक न सांगता येतात, हातातल्या कार्डावर गुण लिहितात आणि जातात. मागच्या वर्षी धाकट्या विकलिंगची ढाल अर्ध्या गुणाने हुकली आणि थोरल्या विकलिंगच्या हॉलमध्ये जाऊन लटकली.

अर्धा गुण कशात गेला ते पत्रात लिहिलेलं नव्हतं. पण गाव समितीच्या डोरीन म्युटिमरला ते आकाशवाणीसारखं कळलं होतं. "मी कुणाचं नाव घेत नाही," ती भर सभेत म्हणाली होती, "पण चॅपलसमोर एक फाटक आहे." चॅपलसमोर घर एकच. हिल्डाचं. पाच आडव्या फळ्यांचं ते फाटक तिच्या नवऱ्याने, अर्नेस्टने, बावीस वर्षांपूर्वी लाल रंगवलं होतं. अर्नेस्ट गेला, रंगही जायला लागला. हिल्डाने त्या दिवशी सभेत तोंड उघडलं नाही. घरी येऊन मात्र ती तासभर बटाटे सोलत बसली, खायला एकटीच असताना.

म्हणून आता ती अंडं टाकून उठली. "रंग काढ."

"आई, परीक्षक येऊन गेले ना? मग आता रंगवून काय?"

तेवढ्यात आणखी पाच सायकली आल्या. पाचही जण फाटकासमोर रांगेने उभे राहिले. "हेच का ते?" एकजण म्हणाला. "हेच. काय लिहू?" "दिसतंय ते लिही!" आणि पाचही जण हसले.

हिल्डाच्या कानशिलांना आग लागली. "ऐकलंस? फिदीफिदी हसून गुण कापताहेत. अजून येतील. उठ!"

कॉलिनच्या गाडीत ट्रेलरला लावून उरलेला हिरवा रंग होता. पाव डबा. त्याने वरची फळी रंगवली, दुसरी रंगवली आणि डबा खरवडला. "संपला."

"संपला कसा? तीन फळ्या बाकी आहेत."

"होडीचा निळा आहे थोडासा."

हिल्डाने डोळे मिटले. "लाव."

निळ्यात दोन फळ्या बसल्या. सगळ्यात खालची अर्नेस्टच्याच लाल रंगात राहिली. लांबून बघितलं तर फाटक नव्हे, कुठल्यातरी लहानशा देशाचा झेंडा वाटत होता. आणि माणसं येतच होती. पाचाचे आठ झाले, आठाचे बारा. प्रत्येकजण थांबायचा, बघायचा, लिहायचा. काहींनी फाटकावरून हात फिरवून बघितला आणि पंजा हिरवा करून घेतला.

"आई," कॉलिन ब्रश पुसत म्हणाला, "ढालीला इतके परीक्षक कसे असतील?"

"मग फाटकाकडे बघून काय लिहिताहेत? वाण्याची यादी?"

कॉलिनने पुसलेला ब्रश पुन्हा एकदा पुसला.

आता फाटक हातचं गेलंच होतं, तर पाहुणचाराने सावरावं असा हिल्डाने विचार केला. आल्याचा केक ती शनिवारी करून ठेवते, तो दोन दिवस मुरतो. शनिवारचे दोन्ही परातीएवढे केक तिने बाहेर आणले, टेबल फाटकाशेजारी मांडलं, मोठी किटली भरली. सकाळपासून समोरच्या वाऱ्याशी झुंजून आलेली माणसं ती. सपाट मुलखात चढ नसतो, पण वारा चढाचं काम करतो. केक बघून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घ्या, घ्या," हिल्डा म्हणत होती. "आणि लिहिताना जरा माणुसकीनं लिहा."

"म्हणजे?" तोंड भरलेला एकजण म्हणाला.

"मी काही सुचवत नाही हो. केक घ्या."

पावणेबाराला शेवटचा सायकलवाला आला. सत्तरीचा असेल, सायकलही जवळपास तेवढीच. उतरला तो धापा टाकत आणि सरळ फाटकालाच पाठ टेकून उभा राहिला.

"अहो, ओलं आहे!" कॉलिन ओरडला.

उशीर झाला होता. चड्डीच्या मागच्या बाजूला दोन निळ्या पट्ट्या नि पाठीवर दोन हिरव्या.

"असू दे," म्हातारा म्हणाला. "माझं नाव डेनिस लारवुड. तीस वर्षं टपाल वाटलं मी सायकलवर, याहून वाईट जागी टेकलोय. तुमचं फाटक मात्र झकास आहे बाई. आता ह्याचा रंग काय लिहू?"

"रंग?" हिल्डा म्हणाली. "गुण नाही लिहायचे?"

"कसले गुण?" त्याने कार्ड तिच्यापुढे धरलं. हिल्डाचं शिक्षण बेताचंच, पण छापील अक्षर तिला वाचता यायचं. तिने बोट ठेवून वाचलं: *चॅपलसमोरच्या घराच्या फाटकाचा रंग कोणता?*

डेनिसने समजावलं. ही शर्यत नव्हे, सफर. पासष्ट मैल. सगळा रस्ता कुणी खरोखर फिरला की मधूनच आडवाटेने सटकला, हे कळायला हवं. काही ठिकाणी शिक्का मारायला माणूस असतो. नसतो तिथं असा एक प्रश्न, जो तिथं गेल्याशिवाय लिहिता येत नाही. आयोजक केरिसनसाहेब मार्चमध्ये येऊन रंग बघून गेले होते. सफर संपते थोरल्या विकलिंगच्या हॉलमध्ये, तिथं ते कार्डं तपासतात.

"मार्चमध्ये," हिल्डा हळूच म्हणाली. "लाल."

"लाल?" डेनिसने फाटकाकडे, मग कॉलिनच्या हातातल्या ब्रशकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला. "केरिसन नियमाला पक्के आहेत. उत्तर चुकलं की सफर बाद."

"बाद झाली तर काय होतं?"

"काही नाही. महिन्याला एक अशा बारा महिने बारा सफरी केल्या की एक बिल्ला मिळतो. एवढासा. गेल्या वर्षी छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चाला हळूहळू. मी म्हटलं, चालतो कशाला, सायकल आहे की." त्याने हातमोजा सारखा केला. "ही बारावी."

हिल्डाने टेबलावरचा उरलेला केक फडक्यात गुंडाळला. "कॉलिन, फाटक काढ."

"काय?"

"बिजागऱ्या सोड. ट्रेलरवर घाल. थोरल्या विकलिंगला जायचंय."

"आई, तिथं सगळ्यांसमोर तुम्हाला सांगावं लागेल की—"

"मला तोंड आहे, मी सांगेन. तू स्क्रू सोड."

अशी ती वरात निघाली. पुढे डेनिस, कारण त्याला गाडीत बसवलं तर सफर बादच. मागे ताशी दहा मैलांनी कॉलिनची गाडी, तिच्यामागे ट्रेलरवर उभं केलेलं तिरंगी फाटक, आणि त्याच्यामागे पुढे जाता न आलेल्या सात मोटारी. रस्ता इतका सपाट की थोरल्या विकलिंगहून ते येताना वीस मिनिटं आधीपासून दिसत होते. वाटेत डोरीन म्युटिमर टोपल्यांतल्या फुलांना पाणी घालत होती.

"काढलंस एकदाचं!" ती झारीसकट ओरडली. "देव पावला!"

"तुझी फुलं बुडताहेत बघ!" हिल्डाने खिडकीतून परत केलं.

हॉलमध्ये ढालीखाली टेबल टाकून केरिसन बसले होते, आणि त्यांच्याभोवती साठ घामट माणसं भांडत होती.

"एकजण म्हणतो लाल," केरिसन कार्डं आपटत होते, "एकजण म्हणतो लाल-हिरवा, हा म्हणतो तीन रंग, आणि ह्या महाशयांनी लिहिलंय 'ओला'! तुम्ही सगळे एकाच देशात सायकल चालवत होता ना? उत्तर लाल आहे. बाकीचे बाद!"

तेवढ्यात दारातून फाटक आत आलं. फाटकाच्या एका टोकाला कॉलिन, दुसऱ्या टोकाला हिल्डा. थोरल्या विकलिंगच्या चहावाल्या बायकांनी किटल्या खाली ठेवल्या.

"मी हिल्डा अटिंग, धाकट्या विकलिंगची," हिल्डा म्हणाली. "हे माझं फाटक. सकाळी लाल होतं. मला वाटलं, ही माणसं ढालीचे परीक्षक आहेत. म्हणून घाईघाईत रंगवलं. एक रंग पुरला नाही. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मला परत यायला वेळ नाही."

हसले. पोट धरून हसले. हिल्डा ताठ उभी राहिली, गाल मात्र खालच्या फळीच्या रंगाचे झाले.

केरिसन हसले नाहीत. "बाई, मला वाईट वाटतं. पण छापील उत्तर एकच आहे."

"प्रश्न कशासाठी विचारता? माणूस तिथं आला होता का, हे कळायला. हो ना? डेनिस, वळा हो."

डेनिस वळला. दोन निळ्या, दोन हिरव्या. हिल्डाने त्याला फाटकाला लावून उभा केला. पट्टी पट्टीवर बरोब्बर बसली. "झेरॉक्स काढलीत तरी इतकी नेमकी निघायची नाही. हा आला नव्हता?"

"हे झाले एक," केरिसन म्हणाले. "बाकीच्यांना डाग नाहीत."

हिल्डाने फडक्यातला केक काखेत घट्ट दाबला आणि सभागृहाकडे तोंड केलं. "फाटकापाशी केक कसला होता?"

"आल्याचा!" चाळीस-पन्नास गळे एकदम ओरडले. मागून एकाने जोडलं, "आणि दुसरा तुकडा मागावा लागला नाही!"

केरिसननी कार्डं बघितली, फाटक बघितलं, मग हळूच विचारलं, "राहिलाय का थोडा?" फडकं उलगडलं. पहिला घास गेला आणि पहिला शिक्का उमटला तो डेनिसच्या कार्डावर. म्हाताऱ्याने फाटकाला टेकून हिरवा झालेला पंजा पुढे केला आणि हिल्डाचा हात एवढ्या जोराने हलवला की तिचा तळवाही हिरवा झाला.

सप्टेंबरात पत्र आलं. डोरीनने ते भर सभेत वाचायला घेतलं आणि मध्येच तिचा आवाज बारीक झाला. हिल्डा म्हणाली, "मोठ्यांदा वाच की. आम्ही कमी शिकलेल्या."

परीक्षक त्याच रविवारी दुपारी येऊन गेला होता. *चॅपलसमोरच्या घराने फाटकच काढून टाकून वाटसरूंसाठी चहाचं टेबल मांडलं आहे. गावाच्या मोकळ्या मनाची याहून चांगली खूण आम्ही पाहिली नाही.* ढाल अर्ध्या गुणाने धाकट्या विकलिंगकडे आली.

त्यानंतर डोरीन तीनदा येऊन विनवून गेली, फाटक पुन्हा बसवू नकोस. तिकडून केरिसनांचं नवीन कार्ड छापून आलं: *चॅपलसमोरच्या फाटकावर रंग किती?* आणि खाली हाताने लिहिलेलं, कृपया फाटकाला हात लावू नये.

पुढच्या जूनच्या त्या रविवारी, पहिली सायकल यायच्या आधी, कॉलिन बिजागऱ्यांत स्क्रू पिळत होता. "आज बसवायचं, उद्या काढायचं," तो म्हणाला. "आणि आई, परीक्षक नेमका आजच आला तर?"

हिल्डा टेबलावर केक कापत होती. यंदा चार केले होते.

"येऊ दे," ती म्हणाली. "त्यालाही मोजू दे."