मजकूर ज्ञात आहे

जुने ग्रंथ मुख्यतः तीन गोष्टींमुळे नष्ट होतात : दमट हवा, कसर आणि वाचक. पैकी पहिल्या दोहोंवर अजून खात्रीचा इलाज सापडलेला नाही. तिसऱ्याचा मात्र बाली बेटावरच्या तेगेहसारी गावाने पूर्ण बंदोबस्त केला आहे, आणि तोही कुठल्याही सरकारी मदतीशिवाय, याची नोंद घ्यायला हवी.

पद्धत साधी आहे. ताडपत्राचा ग्रंथ लाकडी पेटीत ठेवायचा, पेटी पांढऱ्या फडक्यात बांधायची, त्यावर पिवळं फडकं, आणि ते सगळं घरच्या देवळातल्या उंच फळीवर. सरस्वतीचा दिवस आला की पेटी खाली उतरवायची, तीर्थ शिंपडायचं, तांदळाच्या पिठाची पाल (पाल ही तिथे सरस्वतीची खूण मानतात) करून नैवेद्य दाखवायचा आणि पेटी परत वर. त्या दिवशी वाचायला सक्त मनाई, कारण तो ग्रंथांचा मान राखण्याचा दिवस. एरवी वाचायला कुणाची हरकत नसते. फक्त चांगला दिवस पाहावा लागतो, शुद्ध व्हावं लागतं आणि अंगी लायकी असावी लागते. लायकी आहे की नाही हे वाचल्यावर कळतं. नसली तर वेड लागतं. (नेंगाह लास्त्रांच्या चुलतआजोबांनी एकदा पेटी उघडली आणि ते वेडे झाले. ते आधीपासूनच तसे होते असं काही जुनी माणसं सांगत, पण ती माणसं आता हयात नाहीत.)

या पद्धतीमुळे लास्त्रांच्या घरचा ग्रंथ चार पिढ्या सुरक्षित राहिला. लास्त्रा हे त्याचे सध्याचे राखणदार. वय सत्तरीच्या पुढे, छाती थोडी धरते, दोन झुंजीचे कोंबडे बाळगून आहेत आणि गावच्या बैठकीत पहिला कॉफीचा पेला त्यांच्यापुढे येतो. हा पेला पेटीमुळे येतो हे सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं लग्न अडलं, कुणाच्या घरात सारखं आजारपण आलं, की लोक त्यांच्याकडे येतात. लास्त्रा पेटीच्या दिशेने पाहतात आणि गप्प बसतात. लोक म्हणतात, त्यात याबद्दल लिहिलं असेलच. लास्त्रा आणखी गप्प बसतात. लोकांना पटतं, आणि बहुतेकांची आजारपणं बरीही होतात.

ते का गप्प बसतात याचं कारण असं, की पेटीत काय लिहिलं आहे ते लास्त्रांना माहीत नव्हतं. त्यांना ती लिपीच वाचता येत नव्हती. शाळेत शिकवली होती, पण त्या वर्षांत त्यांचं सगळं लक्ष कोंबड्यांकडे होतं.

त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा त्यांनी पेटीची किल्ली लास्त्रांच्या हातात दिली आणि नीट सांभाळ म्हणाले. लास्त्रांनी विचारलं, आत आहे काय? वडिलांनी डोळे मिटले. नातेवाइकांनी रडायला सुरुवात केली. (वडील त्यानंतर तीन आठवडे जगले, भात जेवले, विड्या ओढल्या, पण या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.) तेव्हा लास्त्रांना वाटलं होतं की हे फार मोठं गुपित असावं. आता, स्वतः म्हातारे झाल्यावर, त्यांना वेगळंच वाटू लागलं होतं.

त्यांचा मुलगा गेडे प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. लांबलचक करार संपवून तो सुट्टीवर आला की किल्ली त्याच्याकडे जायची होती. फोनवर तो म्हणायचाच, "बाबा, या खेपेला पेटीचं नीट समजावून सांगा." लास्त्रांना मरणाची भीती नव्हती. गेडेसमोर डोळे मिटावे लागतील याची मात्र फार भीती वाटत होती, आणि ती कोणाला सांगताही येत नव्हती.

अशा वेळी सरकारला जाग आली. खासगी मालकीच्या ऐतिहासिक हस्तलिखितांचे जतन करून ती संशोधनार्थ उपलब्ध करून देण्याचं अभियान निघालं, आणि तेगेहसारीत कोमांग रास्मिनी नावाची तरुण भाषाधिकारी स्कूटरवरून आली. बरोबर गवती चहाचं तेल, कापूस, काजळी, कॅमेरा आणि मोजपट्टी. पुजारी आले, नैवेद्य झाला, पेटी उतरली. चार पिढ्यांत पहिल्यांदा पानांना ऊन लागलं. रास्मिनीने तेलाने पुसून वरून काजळी फिरवली तशी फिकट पडलेली अक्षरं एकेक करून काळीभोर वर आली. लास्त्रा ओट्यावर बसून पाहत होते. इतकी वर्षं ज्याची राखण केली त्याचं तोंड ते पहिल्यांदा बघत होते.

रास्मिनीने पानं मोजली, लांबी मोजली, रुंदी मोजली, दोरीसाठी पाडलेली भोकं मोजली. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. वाचलं नाही. तिच्यावर ठपका ठेवण्याचं कारण नाही. वाचन हे वेगळं अभियान असून ते मंजुरीच्या टप्प्यावर आहे. तिच्या तक्त्यात एकच रकाना त्या वाटेला जाणारा होता : 'मजकूर (मालकाच्या सांगण्यानुसार)'.

"काका, कशाबद्दल आहे हा?" तिने विचारलं.

लास्त्रा पेटीकडे बघून गप्प बसले. मग ती लेखणी धरून थांबलीच आहे असं पाहून म्हणाले, "खोल आहे."

तिने लिहिलं : खोल. आसपासच्या गावांतल्या राखणदारांनीही साधारण असंच काही सांगितलं असावं, कारण वर्षअखेरच्या सूचीत वैद्यक, ज्योतिष, वंशावळी आणि पुराणं यांच्या जोडीला 'खोल' हा नवा विषय समाविष्ट झाला आणि ग्रंथसंख्येत तो पहिला आला. अहवालात यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते अहवालाइतकंच वाचलं गेलं, म्हणजे एकदाच.

हॉलंडहून मार्लूस नावाच्या विदुषी आल्या त्या या प्रकरणामुळेच. दोन दिवस त्यांनी लास्त्रांना प्रश्न विचारले. लास्त्रा दोन दिवस गप्प बसले. बाईंनी प्रत्येक गप्प बसण्याची वेळ टिपली आणि पुढे त्यावर मोठा निबंध छापला, त्यात ही शांतता हेच ग्रंथावरचं खरं भाष्य असल्याचं सिद्ध केलं आहे. निबंधाची प्रत टपालाने आली. ती इंग्रजीत होती. लास्त्रांनी ती पेटीशेजारी फळीवर ठेवली, आणि तेव्हापासून सरस्वतीच्या दिवशी तिच्यावरही तीर्थ पडतं.

ग्रंथाचे फोटो एव्हाना सरकारी संकेतस्थळावर चढले होते. संशोधकांना ते पूर्णपणे खुले होते. फक्त अर्जासोबत राखणदाराचा दाखला लागत असे : 'सदर ग्रंथातील मजकूर मला ज्ञात असून तो उघड करण्यास माझी हरकत नाही.' राखणदाराच्या मानासाठी केलेली ही तरतूद होती आणि ती फार परिणामकारक ठरली. एकाही राखणदाराने सही केली नाही, त्यामुळे कोणाच्याही मानाला धक्का लागला नाही.

पेटी उघडण्यात वेड लागायची जोखीम होती, फोटो मात्र कोणा परक्याकडून गुपचूप वाचून घेता आले असते. लास्त्रांनी बराच विचार केला आणि डोक्याला चांगलं फडकं बांधून स्वतः जिल्ह्याच्या कचेरीत गेले. आपल्या घरचा ग्रंथ आपल्याला बघायचा आहे, म्हणाले. कारकून सभ्य होता. त्याने खुर्ची दिली.

"अर्जदार कोण?"

"मी."

"आणि परवानगी देणारे?"

"मीच."

"मग दोघांच्या सह्या लागतील," कारकून म्हणाला. आणि दाखला पुढे सरकवला.

लास्त्रांनी तो तीनदा वाचला. मजकूर माहीत असल्याशिवाय सही करता येत नाही, आणि सही केल्याशिवाय मजकूर बघता येत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. खोटी सही करायला दुसऱ्या कोणी मागेपुढे पाहिलं नसतं. पण लास्त्रा आयुष्यभर गप्प बसले होते, खोटं बोलले नव्हते. हा फरक त्यांच्या दृष्टीने मोठा होता. कोरा दाखला खिशात घालून ते परत आले आणि दोन दिवस कोंबड्यांशीही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी रास्मिनीला निरोप धाडला. ती आली. बायको सुकर्ती चुलीपाशी केळी तळत होती. लास्त्रा एका कोंबड्याला मांडीवर घेऊन त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"कोमांग, ते तू वाचून दाखवशील का?"

"मी? काका, तुम्हाला तर पाठ असेल."

"मला ती अक्षरं येत नाहीत," लास्त्रा कोंबड्याकडे बघत म्हणाले. "आत काय आहे ते मला ठाऊक नाही. माझ्या बापालाही नसावं."

चुलीपाशी झारा वाजला.

"निघालं एकदाचं तोंडातून," सुकर्ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"गेडेचे बाबा, देवळाच्या पाटीवर आपली जुनी लिपी वर आणि रोमन खाली. तुमची नजर कायम खालच्या ओळीवर. मला दिसत नाही होय?"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"तुम्ही गप्प बसलेले बरे दिसता."

लास्त्रांनी दबक्या आवाजात विचारलं, गावालाही माहीत आहे का? सुकर्तीने केळी ताटलीत काढली. "गाव म्हणतं, तुम्हाला सगळं माहीत आहे पण सांगत नाही. चिक्कू म्हणतात तुम्हाला."

यावर रास्मिनीनेही आपलं सांगून टाकलं. तिला अक्षरं लागत होती, पण ग्रंथाची भाषा फार जुनी. उच्चार करील, अर्थ कळेलच असं नाही. तिच्या साहेबांना कळतो असं कचेरीत मानतात. साहेबांनी कधी वाचून दाखवलेलं मात्र कोणी ऐकलेलं नाही. ते असे प्रश्न आले की पेटीच्या फोटोकडे बघून गप्प बसतात.

चांगला दिवस पाहून तिघांनी पेटी उतरवली. रास्मिनीने कमरेला पिवळा पट्टा बांधला आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. ऐकायला गोड होतं. कळत कोणालाच नव्हतं. दुपार झाली, केळी संपली, सुकर्ती खांबाला टेकून डुलक्या घेऊ लागली. लास्त्रा मात्र ताठ बसले होते. शेवटच्या पानाशी रास्मिनी अडखळली आणि मान वर करून म्हणाली, "काका, हे आपल्या रोजच्या बोलीत आहे."

ग्रंथ उतरवून काढणाऱ्याने पानाच्या अखेरीस चार ओळी लिहिल्या होत्या. त्या तिने सावकाश वाचल्या :

"इथे लिहिणं पुरं झालं. लिहिणारा अडाणी, अक्षर कोंबडीने अंगण उकरल्यासारखं. वाचणाऱ्याने हसू नये, चुकलं असेल तिथे सुधारून घ्यावं. यात काय आहे ते मला कळलं नाही. समोर होतं तसं उतरवलं, एकही पान गाळलं नाही. पुढच्याला कळेल."

लास्त्रांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसूही लागले. त्या माणसाने हसू नको म्हटलं असूनही त्यांना आवरेना. चार पिढ्यांच्या फडक्याआड आपल्यासारखाच कोणी बसला असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना तो माणूस फार आवडला. आपल्या बापावरचा त्यांचा जुना रागही त्या दुपारी गेला. बापाने गुपित लपवलं नव्हतं, लाज लपवली होती, आणि ती त्यांना पुरती ओळखीची होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी खिशातला दाखला काढला. 'मजकूर मला ज्ञात असून' मधलं 'असून' खोडून त्यावर 'नसून' लिहिलं. खाली स्वच्छ अक्षरात भर घातली : 'ज्याला कळेल त्याने मला येऊन सांगावं. कॉफी मिळेल.' आणि दोन्ही सह्या केल्या.

असा दाखला कचेरीत टिकणार नाही याची रास्मिनीला खात्री होती. पण साहेबांनी तो न वाचता मंजूर केला. न वाचण्याच्या परंपरेने ग्रंथ बंद राहतात असं जे लोक म्हणतात, त्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावं. तेगेहसारीचा ग्रंथ त्या प्रांतातला पहिला पूर्ण खुला ग्रंथ ठरला आणि त्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला.

गेडे सुट्टीवर आला तेव्हा लास्त्रांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्याने विचारलं, आत काय आहे? लास्त्रांनी डोळे उघडे ठेवले आणि म्हणाले, "मला माहीत नाही रे. शिकून घे आणि मला सांग." गेडेला हे अनपेक्षित होतं. त्याने अजून बाराखडी पुरी केलेली नाही, पण जहाजावर रात्रपाळी संपल्यावर गिरवतो म्हणे.

संकेतस्थळावर हा ग्रंथ आजवर तिघांनी उघडला आहे. एक रास्मिनी, एक गेडे, तिसरा कोण ते समजलेलं नाही. लास्त्रा संध्याकाळी अंगणात बसून त्या तिसऱ्याची वाट बघतात. कॉफीचं पाणी तापत ठेवलेलं असतं.

हा सगळा प्रकार फार लांबच्या बेटावर घडला असल्यामुळे आपल्याला काळजीचं कारण नाही. तुमच्या माळ्यावर मोडी लिपीतल्या कागदांचे रुमालात बांधलेले गठ्ठे असतील, देव्हाऱ्यात आजोबांची लाल फडक्यातली पोथी असेल, दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकूही पडत असेल. जतनाचं काम उत्तम चाललेलं आहे, ते तसंच चालू द्यावं. घरातल्या एखाद्या पोराने चुकून विचारलंच, की यात काय आहे, तर डोळे मिटावेत. नातेवाईक काय समजायचं ते समजून घेतील.