कठड्याला भंडारा

उस्मानपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावरचा हाडांचा वॉर्ड सुकेशनीनं सकाळपासून तिसऱ्यांदा पुसला. खाटांचे कठडे, दाराच्या मुठी, लिफ्टचं बटण. मागच्या महिन्यात याच कठड्यांवर कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू निघाले होते. इंद्रजीत डॉक्टरांनी लगेच मेमो टाइप करायला सांगितला, आणि त्यात नाव एकच होतं, सुकेशनीचं. आज अकराला लॅबचा माणूस पुन्हा नमुने घ्यायला येणार होता. पुन्हा निघाले तर मेमो तिच्या हातात आणि ती घरी.

"किती घासशील? रंग जाईल कठड्याचा," सुलेखा सिस्टर म्हणाल्या. मेमो त्यांच्याच खिशात होता.

"जाऊ द्या. रंगासंगं जंतू बी जातील."

साडेदहाला ती फडकी धुवायला खाली गेली. वर आली तर चार नंबरच्या खाटेशी तिचे पायच थबकले. कठडा पिवळाधमक झाला होता. वॉकर पिवळा. खाटेवरच्या बानाबाईचं कपाळही पिवळं, आणि ती समाधानानं हसत होती. शेजारी तिचा लेक बिरू कमरेची पिशवी आवळत उभा होता. अजिंठ्याकडं मेंढरं राखणारा माणूस. आईच्या मांडीच्या मोडलेल्या हाडाला स्टीलची पट्टी बसवली होती, तिला आज घरी न्यायचं होतं.

"भाऊ, हे काय करून ठेवलं?"

"भंडारा हाय, ताई. आपल्या साताऱ्याच्या खंडोबाचा."

"ते दिसतंय. कठड्याला कशाला?"

"मायला ह्याच कठड्यानं उठवून बसवलं. आमच्यात निघताना ज्यानं सांभाळलं त्याला भंडारा लावत्यात. मानसाला बी, बैलाला बी."

"मग चिमूटभर लावायचा. इथं मूठभर हाय."

"लई दुखत व्हतं ना तिचं," बिरू म्हणाला.

 सुकेशनीनं ओलं फडकं काढलं आणि तेवढ्यात राउंड आला. इंद्रजीत डॉक्टरांनी कठड्यावर हात टेकला, बानाबाईची मांडी दाबून पाहिली, "मस्त" म्हणाले आणि भराभर पुढं निघाले. कुणाच्या फायलीवर हात, कुणाच्या स्टँडवर, दार, मग लिफ्ट. सुकेशनी हातात फडकं घेऊन त्यांच्या मागं. एक डाग पुसावा तर पुढं दुसरा. ओली हळद आणखीच पसरत होती. दाराची मूठ होईस्तोवर लॅबचा माणूस पेटी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडला आणि स्वतःच्या पिवळ्या बोटाकडं बघत उभा राहिला.

पाठोपाठ, नमुने घेताना हजर राहायला, डॉक्टरही परत वर आले. "वॉर्डभर हळद कुणी फासली?"

"मी, साहेब," बिरूनं हात जोडले. "पन फक्त मायच्या खाटंला अन् वॉकरला. बाकी कुठं हात लावला नाय."

"मग नऊ नंबरच्या प्लॅस्टरवर कुठून आली?"

नऊ नंबरचे कचरूमामा उशीवरून जरा वर सरकले. "तुमीच लावली की. मी म्हनलं, डॉक्टर मानूस देवाचं करतोय, कशाला बोला? मी नमस्कार बी केला."

 डॉक्टरांनी उजवा हात वर करून पाहिला. पाचही बोटं पिवळी. मग सगळ्यांच्याच नजरा कोपऱ्यातल्या बेसिनकडं गेल्या. अख्ख्या वॉर्डात तेवढा नळ डागाशिवाय चकचकत होता, आणि बेसिन ठणठणीत कोरडं होतं.

डॉक्टर तिकडं गेले. नळ फिरवला. आणखी जोर लावून फिरवला. पाणी येईना.

"त्यो उलटा फिरतो, साहेब," सुकेशनी हळूच म्हणाली.

"कधीपासून?"

"बसवला तवापासून. दोन वर्सं झाली."

पाणी आलं. साबण लागताच हळद तांबडी झाली आणि डॉक्टर मनगटापर्यंत हात चोळत राहिले. पाठमोरेच म्हणाले, "सिस्टर, तो मेमो आहे का?"

"आहे. फाडू?"

"नको. नाव बदला."

सिस्टरनी खिशातून कागद काढला, सुकेशनीच्या नावावर काट मारली. "कुणाचं टाकू?"

डॉक्टरांनी पुन्हा साबण घेतला. एकेक बोट नीट चोळलं, नखंसुद्धा.

"प्लंबरचं."