सर्जेतात्यांची तपासणी

माणूस म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांना हजारो वर्षं सुटलेला नाही. कळस गावच्या सर्जेतात्यांनी तो एका रविवारी दुपारी अर्ध्या तासात सोडवला, आणि त्यातही मध्ये जाहिराती होत्या.

तात्या माझे शेजारी. तीस वर्षं एस.टी.त तिकीट तपासनीस होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी गावात केबल आली, आणि तिच्याबरोबर हिंदीत बोलणारी एक इंग्रजी मालिका. दर रविवारी नवी गोष्ट, नवी माणसं, नवं यंत्र आणि शेवटी कुणाचं तरी वाटोळं. तात्या त्या मालिकेला 'वाटोळं'च म्हणत. "आज वाटोळं हाय, मास्तर. बाराच्या आत जेवून घ्या."

पण त्यांचा जीव जडला तो एकाच भागावर. त्यात एक कारकून कंपनीकडून हुबेहूब स्वतःसारखा यंत्रमाणूस मागवतो. आधी त्याला कचेरीत धाडतो, मग आळसावून संध्याकाळी घरीही त्यालाच धाडू लागतो. वर्षाने स्वतः घरी येतो, तर दारात तो आणि यंत्र, दोघंही उभे. बायको दोघांकडे बघते, यंत्राला आत घेते आणि दार लावते. संपलं.

ही गोष्ट तात्यांनी सलूनमध्ये सांगितली, डेअरीवर सांगितली, अंथुर्ण्याच्या बाजारात सांगितली. एका दहाव्यालाही सांगितली, कावळा शिवेपर्यंत वेळ होता म्हणून. शेवटी प्रत्येकाला एकच सवाल. "ती चुकली, का तिला कळलं व्हतं?"

शिवाय ते माणसं तपासू लागले. दारात आलेल्याला थांबवून विचारायचे, "परवा दुपारी काय खाल्लं?" डोकं खाजवणारा पास. धडाधड सांगणाऱ्यावर संशय. "अस्सल माणूस अडखळतो, मास्तर. मशीन न्हाय अडखळत." मोरगावच्या जावयाने विचारल्याबरोबर स्वतःच्या लग्नाची तारीख सांगितली, तर तात्यांनी त्याला अर्धा तास ओट्यावरच बसवून ठेवला. मला म्हणाले, "लग्नाची तारीख पटदिशी सांगणारा नवरा बघितलाय का कुठं?" मी बघितला नव्हता.

गंमत अशी, की ही गोष्ट तात्यांनी स्वतःच्या घरात कधीच सांगितली नाही. त्यांच्या पत्नीला, द्वारकाकाकूंना, तपासणीतूनही सूट होती. मी एकदा म्हटलं, "काकूंना विचारा की. बाईच्या मनातलं बाईच सांगेल."

तात्या चष्मा पुसू लागले. "नोकरीत आठवड्यातनं दोन दिस घरी असायचो मी. कुठल्या तोंडानं इचारू?"

पुढे एका रविवारी तोच भाग पुन्हा लागला. तात्यांनी मला हाक मारून बसवून घेतलं. "साक्षीदार लागंल," म्हणाले. काकू मेथी निवडत होत्या. मी टीव्हीकडे बघत होतो, तात्या काकूंकडे. त्या बाईने दार लावलं, नावं वर सरकू लागली. तात्या खाकरले.

"ती चुकली, का तिला कळलं व्हतं?"

"न कळाया काय झालं?" काकू मान वर न करता म्हणाल्या. "रोज घरी येनारा आत घेतला तिनं."

तात्यांचा चेहरा विनातिकीट सापडलेल्या माणसासारखा झाला. तरी त्यांनी विचारलंच, "आन् तू असतीस तर?"

काकूंनी एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

"मी दोघांस्नीबी आत घेतलं असतं. एक पाणी भराया झाला असता."

मी हसलो. तात्या हसले नाहीत.

"मस्करी नगं."

"मस्करी कसली? तीस वर्षं आतनं कडी लावली न्हाय मी. तुमच्या येन्याचा काय नेम व्हता?"

 शेळीला मेथीच्या काड्या टाकून येतो, म्हणत तात्या ढीग उचलून उठले आणि परसात गेले ते बराच वेळ आले नाहीत. काकूंनी सूप पुढे ओढलं. निवडलेली मेथी शेळीला गेली होती. काड्या घरात होत्या. संध्याकाळी पिठलं झालं.